बागेच्या स्टॉपवर उतरलेला ड्रायव्हर

आमच्या डेपोत त्यांना सगळे 'हॅण्डब्रेक' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. हे नाव पडायचं कारण सोपं होतं. हा माणूस एकदा ड्रायव्हरच्या सीटवर बसला की ओढलेल्या हॅण्डब्रेकसारखा, गाडी जागची हलेल पण हा हलणार नाही. शेवटच्या स्टॉपवर दहा मिनिटं गाडी उभी राहायची. बाकीचे ड्रायव्हर खाली उतरून आळोखेपिळोखे द्यायचे, गप्पा ठोकायचे. आमचे हॅण्डब्रेक खिडकीतून फक्त हात बाहेर काढायचे, आणि त्या हातात चहाचा कप ठेवायचं काम माझं.

मी त्यांची कंडक्टर. चौदा नंबरच्या गाडीवर अकरा वर्षं मी त्यांच्या मागे उभी आहे. मी त्यांना दादा म्हणते, ते मला बाई म्हणतात, आणि गाडी चालू असताना आमचं सगळं बोलणं घंटीवर चालतं. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. दादांच्या हाताला गुण होता. खच्चून भरलेली गाडी ते अशी थांबवायचे की उभ्या माणसाच्या हातातलं पाणी हिंदकळू नये. आणि कान तर त्याहून तेज. मध्येच मान तिरकी करून म्हणायचे, "बाई, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बोलायला लागलंय. आठवडाभरात दगा देणार बघा." आठवडाभरात मेकॅनिक ते बेअरिंग हातात घेऊन डोकं खाजवत उभा असायचा. पण हे सगळं बसल्या जागेवरून. त्यांचं घर डेपोपासून दोन स्टॉपवर. तिथूनही ते बसनेच यायचे. दर वर्षी कमरेच्या पट्ट्याला टोकाकडे एक नवीन भोक पडायचं. ते काम मेकॅनिकच्या टोच्याने व्हायचं आणि त्यावर सगळा डेपो हसायचा. दादासुद्धा.

आमच्या मार्गावरचा चौथा स्टॉप बागेचा. लोखंडी फाटक, आत निलगिरीची उंच रांग, आणि फाटकाच्या खांबावर पाटी: 'हिरवळीवर चालू नये.' दिवसातून सोळा वेळा मी दारातून ओरडायचे, "बाग! बागेचे कोण आहेत?" बागेचे उतरायचे, दोन घंट्या, की गाडी पुढे. आम्हा दोघांपैकी एकानेही त्या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. आणि दादा तर त्या मार्गावर चोवीस वर्षं होते.

मग ती वार्षिक तपासणी आली.

डेपोच्या वरच्या मजल्यावर तपासणीची खोली आहे: वजनकाटा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, करकरणारा पलंग. डॉक्टरबाई नव्या होत्या, अंगाने काडीसारख्या आणि बोलायला सरळ. आधीचे डॉक्टर रक्तदाब बघून, दोन गोळ्या लिहून, "वजन कमी करा हं," म्हणून सोडून द्यायचे. या बाईंनी दादांना बूट-मोजे काढायला लावले. नायलॉनच्या दोऱ्याचा एक छोटासा तुकडा हातात घेऊन म्हणाल्या, "डोळे मिटा. तळव्याला काही लागलं की हो म्हणा."

डावा पाय झाला. दादा हो, हो म्हणत गेले. उजव्या पायाला चार वेळा हो म्हणाले आणि मग गप्प पडून राहिले. बराच वेळ काही होईना तेव्हा म्हणाले, "थांबलात का, डॉक्टर?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अजून सहा ठिकाणी लावून झालं."

हे मला दादांनी स्वतः सांगितलं, त्याच दिवशी, जिन्याच्या खाली उभं राहून. त्यांचा चेहरा पार उतरला होता. रक्तातली साखर किती वर्षं वाढलेली होती कोण जाणे. उजव्या पायाच्या तळव्याची जाणीव ती हळूहळू खात होती. उजवा पाय, म्हणजे ब्रेकचा पाय. डॉक्टरबाईंनी तीन महिने स्टिअरिंग बंद केलं. गोळ्या बदलल्या, खाण्याचा कागद लिहून दिला, आणि सांगितलं, "रोज पाऊण तास चालायचं. सिमेंटवर नाही, मातीवर. चांगले बूट घ्या. आणि रोज पाय तपासायचे, आरशात चेहरा बघतो तसे. तीन महिन्यांनी या, मग बघू."

"आणि नाही जमलं तर?" दादांनी विचारलं.

"तर कायमचं टेबल."

तात्पुरतं टेबल त्यांना त्याच दिवशी मिळालं: हरवलेल्या वस्तूंचा विभाग. तळमजल्यावरची ती कोंदट खोली मी आधी कधी नीट बघितली नव्हती. भिंतीभर फळ्या. एका फळीवर छत्र्या, साठ-सत्तर, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. एका फळीवर डबे, चष्मे, एकेकटे हातमोजे. कोपऱ्यात एक कुबडी. "बाई," दादा ती कुबडी बघत म्हणाले, "माणूस कुबडी घेऊन गाडीत चढतो आणि कुबडीशिवाय उतरतो, हे कसं काय?" मी म्हटलं, "दादा, तुमच्या ड्रायव्हिंगने बरा झाला असेल." ते हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

वहिनी, म्हणजे दादांची बायको, पोस्टात छाननीला आहेत. पत्रं लावायची पाळी पहाटेची, त्यामुळे सकाळी त्या घरी नसतात. त्यांनी मला दादांसमोरच गाठलं. म्हणाल्या, "तुम्ही याच वस्तीत राहता, तुमची ड्यूटी नऊची. पंधरा दिवस त्यांना बागेत घेऊन जा. मी सांगितलं तर मान डोलावतील आणि मी गेले की परत झोपतील. तुमची घंटी मात्र ते ऐकतात." मग दादांकडे वळल्या. "अहो, चोवीस वर्षं सगळ्या शहराला फिरवून आणलंत. आता जरा स्वतःला फिरवून आणा."

पहिल्या दिवशी आम्ही बागेच्या स्टॉपवर भेटलो. चालत या म्हटलं तर दादा बसने आले! फाटकासमोर ते जे उभे राहिले ते गाडीची वाट बघत असल्यासारखे. शेवटी मी तोंडानेच "टिंग टिंग" केलं, तेव्हा आत शिरले.

बागेला एक मातीची वाट आहे. फाटकापासून निलगिरीच्या कडेने, बांबूच्या बेटामागून, तळ्याला वळसा घालून परत फाटकाशी. एक फेरी म्हणजे माझ्या पावलांनी बारा मिनिटं. दादांनी ती फेरी पाऊण तासात केली. वाटेत जेवढी बाकं होती तेवढ्यांवर बसून. मी म्हणायचे, "दादा, हा विनंती थांबा आहे, इथे थांबलंच पाहिजे असं नाही." ते म्हणायचे, "मी विनंती केलीय." चालायचे मात्र कसोशीने डाव्या बाजूने, आणि वळणावर नकळत उजवा हात बाहेर काढायचे. तेवढ्यात मागून काठीचा टकटक आवाज आला आणि एक आजी, ऐंशीच्या तरी असतील, पांढरे बूट घालून आमच्या शेजारून सरकन पुढे निघून गेल्या. दादा बघतच राहिले. पाव तासाने त्या पुन्हा मागून आल्या आणि पुन्हा पुढे गेल्या.

"ह्या एक्स्प्रेस आहेत," दादा धापा टाकत म्हणाले. "आपण लोकल मार्गाचे."

त्या दिवसापासून त्यांचं नाव एक्स्प्रेस आजी पडलं.

दहा दिवस असे गेले. दादा यायचे, पण ढकलगाडीसारखे. मी मागून ढकललं तर पुढे. बाग काय, झाडं काय, कशाकडे लक्ष नाही. नजर पुढच्या बाकावर. आणि अकराव्या दिवशी वहिनींचा निरोप आला की आज येऊ नका.

झालं होतं असं, की डॉक्टरबाईंनी सांगितलेले बूट दादांनी घेतलेच नव्हते. "घेतो, घेतो" म्हणत ड्यूटीचे जुने कडक बूट घालून चालत होते. आदल्या संध्याकाळी वहिनींनी मोजा उचलला तर तो रक्ताने चिकटलेला. उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता, कातडी सोलवटली होती, आणि दादा त्याच पायाने घरभर फिरत होते. वहिनींनी विचारलं, "दुखत नाही?" दादा म्हणाले, "काय दुखत नाही?"

मी भेटायला गेले तेव्हा ते पलंगावर पाय लांब करून बसले होते. टाचेला पांढरी पट्टी. डॉक्टरबाई येऊन खरपूस बोलून गेल्या होत्या: आठ दिवस चालणं बंद, जखम रोज साफ, आणि पुन्हा ते बूट दिसले तर त्या स्वतः ते हरवलेल्या वस्तूंत जमा करणार होत्या. वहिनी खाली बसून त्यांच्या पायाच्या बोटांमध्ये मऊ कापडाने पुसत होत्या. एकेक बोट वेगळं करून, पत्र लावताना पत्ता वाचतात तसं निरखून.

दादा ते बघत होते. मग म्हणाले, "बाई, माझ्या पायातून रक्त येतं आणि मला कळत नाही. मग ब्रेकवर पाय किती दाबला हे मला कळत होतं, असं मी कशावरून म्हणू?"

मी म्हटलं, "दादा, अकरा वर्षांत एकदाही मी पडले नाही."

"आजपर्यंत नाही," ते म्हणाले. "साठ माणसं असायची बाई आपल्या मागे. पोरंसोरं. गरोदर बायका."

वहिनींनी कापड बाजूला ठेवलं, त्यांच्या पावलावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. त्या दिवसानंतर दादांना ढकलावं लागलं नाही. टाच भरून आली, नवे मऊ बूट आले, आणि नवव्या दिवशी मी बागेच्या फाटकाशी पोचले तर ते माझ्याआधी हजर होते. चालत आले होते. घरापासून पुरे चार स्टॉप.

आता पाय नीट बघून टाकायचा म्हणून ते हळू चालायचे, आणि हळू चालायचे म्हणून त्यांना ऐकू यायला लागलं. पाचव्या आठवड्यातली गोष्ट. तळ्याच्या वळणावर ते एकदम थांबले. मान तिरकी, गाडीत करायचे तशी.

"ऐकलंत? टॅपेट वाजतोय."

"दादा, इथे इंजिन कुठलं?"

"वाजतोय म्हणतो ना. तीन ठोके, मग दम खातोय."

आवाजाच्या मागे मागे ते गेले. तळ्याकाठी तुतीचं एक जुनं झाड होतं, वठलेलं, वरचा शेंडा मोडलेला, खोडावर बुरशीचे कानासारखे पापुद्रे. दादा त्याच्याभोवती गोल फिरले, जसे बिघडलेल्या गाडीभोवती फिरायचे. आणि मागच्या बाजूला, दोन माणसांच्या उंचीवर, लाल टोपी घातल्यासारखा एक पक्षी खोडाला उभाच्या उभा चिकटून टाचणीसारखी चोच मारत होता.

"हिरवळीवरून खाली उतरा!" मागून कुणीतरी ओरडलं.

हे माळीकाका. बागेचे मुख्य माळी. फाटकावरची पाटी बहुधा त्यांनीच मनावर घेऊन लावलेली. कपाळावर कायम आठी, आणि बोलणं चढ्या आवाजात, कारण गवत कापायच्या यंत्रामागे जन्म गेल्याने त्यांचा डावा कान गेलेला आणि उजवा बेताचा. दादा निमूट वाटेवर आले आणि म्हणाले, "काका, तो लाल टोपीवाला कोण?"

माळीकाकांची आठी जरा सैल झाली. असं कुणी त्यांना विचारत नसावं. "सुतार," ते म्हणाले. "घर करतोय."

तिथून दादांना नाद लागला. रोज नवा आवाज. तळ्यावरचा खंड्या उडताना किंचाळायचा, त्याला दादा म्हणायचे, "पट्टा घसरतोय." पारवे घुमायला लागले की, "थंड इंजिन, सकाळी सकाळी सुरू करायला त्रास देणार." बांबूच्या बेटात वारा शिरला की, "एअरब्रेक सुटला." खरी नावं माळीकाका सांगायचे, दादा मान डोलवायचे आणि आपलीच नावं वापरायचे. त्या आवाजांच्या मागे जाता जाता एका फेरीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. बाकं कधी सुटली ते त्यांनाही कळलं नाही. माझे पंधरा दिवस केव्हाच संपले होते, पण मीही जातच राहिले. दिवसभर गाडीत उभं राहून माझे गुडघे धरायचे, ते आता कुरकुर करीनासे झाले होते. आणि खरं सांगायचं तर सकाळच्या दवात भिजलेल्या मातीचा आणि निलगिरीचा वास छातीत भरून घेतला की मग गाडीतल्या गर्दीत कुणी पाय तुडवला तरी माझ्या तोंडून वाईट शब्द निघत नसे.

आठव्या आठवड्यात एका सकाळी तुतीच्या खोडावर लाल रंगाची फुली दिसली.

माळीकाका शेजारीच उभे होते. वरची एक फांदी आदल्या दिवशी बाकावर कोसळली होती. नशीब बाक रिकामं होतं. वरून हुकूम आला होता, गुरुवारी झाड पाडायचं. दादा म्हणाले, "काका, आत घर आहे."

"होतं. आठवडाभर सुतार ठोकताना दिसलेला नाही. घर सोडून गेला."

दादांनी खोडाला कान लावला. डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणतील काहीच नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "पंप चालू आहे. एक नाही, दोन-तीन. सारखा गुणगुणतोय. काका, पिल्लं आहेत हो आत! घर बांधून झालं, आता ठोकायचं कशाला?"

मीही कान लावला. खोल आतून, भांड्यात माशी अडकल्यासारखी, एक अखंड गुणगुण येत होती. माळीकाकांनी उजवा कान लावला, बराच वेळ लावला, आणि मान हलवली. "मला काही येत नाही. आणि मला जे ऐकू येत नाही ते मी साहेबाला कसं सांगू?"

दादा तडक डेपोत गेले. चालतच. दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते मेकॅनिकचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन. इंजिनाच्या पोटातला आवाज ऐकायची ही मेकॅनिकांची जुनी युक्ती: टोक लोखंडाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. दादांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक अलगद खोडाला लावलं. "या काका. मूठ इथे टेकवा. कानावर नाही, मागे, हाडावर. श्वास धरा."

माळीकाका वाकले. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो. तेवढ्यात सुतार कुठूनसा चोचीत काहीतरी घेऊन आला, आम्हाला बघून पलीकडच्या फांदीवर थांबला, मग हिंमत करून ढोलीपाशी गेला. आणि माळीकाका एकदम ताठ झाले.

"ओरडतायत!" ते स्वतःच ओरडले. "अरे, भूक लागली, भूक लागली म्हणून बोंबलतायत!" पुन्हा वाकले, पुन्हा ऐकलं. ते दूर होईनात. कपाळावरची आठी कुठे गेली होती कोण जाणे. कित्येक वर्षांत त्यांनी पिल्लांचा आवाज ऐकला नव्हता, हे त्यांनी नंतर सांगितलं.

गुरुवारी यंत्र आलं, माणसं आली. माळीकाका खोडाला पाठ लावून उभे. बागखात्याच्या साहेबांना त्यांनी मुकादमाच्या फोनवरून फोन लावला, आणि त्यांचं बोलणं तळ्याच्या पलीकडेही ऐकू जात होतं. "साहेब, झाड रिकामं नाही... नाही, माणसं नाहीत... भाडेकरू आहेत! पिल्लं! ... लेखी देतो. महिनाभरात पिल्लं उडतील, मग खुशाल पाडा... हो, जबाबदारी माझी. बाक हलवतो, दोर बांधतो, कुणाला खाली फिरकू देत नाही."

साहेब चांगले निघाले. यंत्र परत गेलं.

पण दोर बांधून माणसं थांबतात थोडीच? तिथे दादा कामाला आले. सकाळी दोन तास, संध्याकाळी हरवलेल्या वस्तूंचं दार बंद झालं की पुन्हा दोन तास, ते तुतीच्या अलीकडे येरझाऱ्या घालायचे आणि आल्यागेल्याला वळवायचे. "मार्ग बदललेला आहे. बांबूकडून जा. गैरसोयीबद्दल क्षमस्व." लोक ऐकायचे. एक्स्प्रेस आजी मात्र काठी आपटून उभ्या राहिल्या.

"मी सत्तावीस वर्षं याच वाटेने जाते आहे."

"आजी, मीही माझ्या वाटेने चोवीस वर्षं जात होतो. मलाही वळवलंच की," दादा म्हणाले. मग त्यांनी आजींना ढोली दाखवली. तेव्हा एक पिल्लू डोकं बाहेर काढून, जगाकडे नाराजीने बघत होतं. आजींनी चष्मा वर-खाली केला, अर्धा तास तिथेच उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून दोराच्या दुसऱ्या टोकाला पहारा त्यांचा. कडक पहारा. एका जॉगिंगवाल्याला तर त्यांनी काठी आडवी घातली.

अडीच आठवड्यांनी पिल्लं उडाली. तिसरं सगळ्यात शेवटी, दोन दिवसांनी. ते ढोलीच्या काठावर बसून इतका वेळ विचार करत होतं की दादा खालून कुजबुजले, "टिंग टिंग." उडालं ते थेट तळ्यावरून, पाण्याला टेकतंय टेकतंय असं वाटेपर्यंत खाली जाऊन, पलीकडच्या निलगिरीवर कसंबसं आपटलं आणि चिकटलं. माळीकाकांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या की वारा लागतोय. वारा अजिबात नव्हता.

पुढच्याच आठवड्यात तीन महिने भरले. दादा वरच्या मजल्यावर गेले, आणि मी पाळी बदलून जिन्यात थांबले. वहिनीही आल्या होत्या, पोस्टाच्या गणवेशातच. दार लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं. आधी वजनकाटा: साडेआठ किलो कमी. रक्तदाब ठीक. साखर, डॉक्टरबाई कागद उलटत म्हणाल्या, बरीच ताब्यात. मग पलंग करकरला.

"डोळे मिटा."

"हो," दादा म्हणाले. "हो." डावा पाय लवकर झाला. मग जरा शांतता, आणि पुन्हा, "हो... हो... हो... हो." चार. वहिनींनी माझा हात धरला. धरला म्हणजे काय, आवळला.

काहीच आवाज नाही. मी मनात म्हटलं, संपलं.

"...हो," दादा म्हणाले. "अगदी हलकं आहे. पण हो. आता अंगठ्याखाली. हो."

दहापैकी आठ. उरलेल्या दोन जागा कदाचित परत येणार नाहीत, डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. आलं तेवढंही सगळ्यांचं येतं असं नाही. पण ब्रेकचा पाय ब्रेकला पुरेसा होता. यंत्रावर बसवून त्यांनी पायाचा जोर आणि वेग मोजला, आणि फिटनेसच्या कागदावर सही केली. दर सहा महिन्यांनी तपासणी, ह्या अटीवर. सही करता करता त्यांनी विचारलं, "नक्की काय केलंत? इतकं नियमाने कुणी चालत नाही." झाली चूक. दादांनी सुतारपक्ष्याचं घर बांधण्यापासून सुरुवात केली. वीस मिनिटांनी डॉक्टरबाई दारात आल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "यांना घेऊन जा हो, बाहेर रांग लागलीय."

सोमवारी चौदा नंबरवर दादा परत बसले. सीट दोन खाचा पुढे घ्यावी लागली, पोट मध्ये येत नव्हतं ना. बागेच्या स्टॉपला मी ओरडले, "बाग! बागेचे कोण आहेत?" आणि पुढून ड्रायव्हरच्या केबिनमधून आवाज आला, "आम्ही! पण संध्याकाळी!" सगळी गाडी हसली.

तुतीचं झाड नंतर छाटलं. वरचा धोकादायक भाग कापून माळीकाकांनी खालचं खोड तेवढं राखलं, त्यावर वेल चढवला. डेपोतले आणखी सात-आठ जण आता सकाळी बागेत येतात. मेकॅनिक येतो, वाहतूक नियंत्रक येतो, रविवारी वहिनी येतात. वहिनी फेरीभर बोलत असतात: पोस्टातलं, शेजारचं, कोणाचं कुठे जमलं. त्या बोलण्यात एकही पक्षी ऐकू येत नाही. दादा तक्रार करत नाहीत. इतकी वर्षं त्या पहाटे निघायच्या आणि ते उशिरा यायचे. एवढं सलग बोलणं दोघांचं झालंच नव्हतं, असं ते मला एकदा म्हणाले.

गेल्या महिन्यात माळीकाका निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ते फाटकाशी उभे, इस्त्रीच्या कपड्यांत, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे. सवयीने आलो, म्हणाले. आत नवा माळी झारी घेऊन फिरत होता. काका त्याच्याकडे बघत होते, झारी चुकीची धरली म्हणून बहुतेक. दादा त्यांच्या उजव्या बाजूला गेले, बऱ्या कानाच्या, आणि म्हणाले, "काका, इथे नुसते कधी फिरलात?"

माळीकाकांनी विचार केला. "नुसता? नाही बुवा. हातात काहीतरी असायचंच."

"मग चला. एक फेरी. वेग तुमचा."

दोघं निघाले. मी जरा मागे राहिले. बांबूच्या वळणापर्यंत मला ते दिसत होते: दादा कशाकडे तरी बोट दाखवत होते, काका मोठ्याने त्याचं खरं नाव सांगत होते, आणि मागून एक्स्प्रेस आजी काठी टकटकवत वाट मागत होत्या.